बारमाही माळकरी

कॅलेंडरात काळे आकडे फार आणि लाल थोडे, ही झाली छापखान्याची व्यवस्था. माळकऱ्यांच्या हिशेबात काळा आकडाच नाही. भाऊबीज आटोपली की बाकीचे लोक फराळाचे डबे घासून पालथे घालतात, कंदील उतरवतात, दिव्यांच्या माळा गुंडाळून पोटमाळ्यावर टाकतात. माळकरी स्टुलाकडे एकवार बघतात आणि म्हणतात, "दहा दिवसांवर तुळशीचं लग्न आलंय. आता कशाला काढायच्या?"

तुळशीचं लग्न लागतं, त्रिपुरी पौर्णिमा होते. "देवदिवाळी होऊन जाऊ दे." देवदिवाळीपाठोपाठ मार्गशीर्षातले गुरुवार, गुरुवारांच्या अधेमधे दत्तजयंती, तिच्या आगेमागे नाताळ आणि नाताळनंतर आठवड्यात थर्टी फर्स्ट. संक्रांतीचा आणि लायटिंगचा संबंध काय, असं मी एकदा विचारून पाहिलं. "संबंध काही नाही. पण बारा दिवसांवर सव्वीस जानेवारी आहे, तेव्हा तिरंगी लागणारच. मधे उतरवून परत चढवायच्या? वयाचा काही विचार कराल की नाही?" वय अर्थात त्यांचं. शिवजयंती तर त्यांच्या फारच सोयीची. तारखेची १९ फेब्रुवारीला, तिथीची फाल्गुन वद्य तृतीयेला. मधले दिवस बोनस, होळी त्यातच. मग पाडवा, रामनवमी, १४ एप्रिल, १ मे, बुद्धपौर्णिमा. त्यानंतर मात्र ज्येष्ठात जरा भाकड दिवस येतात. वटपौर्णिमेला गॅलरीत रोषणाई करणारा दुसरा गृहस्थ मी तरी पाहिलेला नाही. "ती माझ्यासाठी सात जन्मांची गॅरंटी मागते," ते म्हणाले, "मी सहा महिन्यांच्या वॉरंटीची माळ लावायची नाही?" आतून काकूंचा आवाज आला, "ह्या वर्षी मी उपास धरलेला नाही."

आषाढातल्या अमावास्येला मात्र त्यांच्या घरी जाऊन यावं. बाकीचं जग त्या दिवसाला गटारी म्हणून ओळखतं, आणि त्या बाजूनेही माळकरी कुठे कमी पडत नाहीत. पण ते रात्री. सकाळी दीपपूजन. घरोघर होतं तसं समया, निरांजनं, लामणदिवा चिंचेने घासून पाटावर मांडतात, भोवती रांगोळी, नैवेद्याला कणकेचे गोड दिवे. ह्यांच्या पाटावर डाव्या हाताला अकरा माळांची वेटोळी, दोन एलईडी पट्ट्या, चार ॲडाप्टर आणि कंट्रोलरच्या डब्या असतात. डब्यांनाही हळदकुंकू. वर्षातून त्या एकाच सकाळी माळा भिंतीवरून खाली उतरतात, ओल्या फडक्याने पुसल्या जातात आणि तिन्हीसांजेच्या आत परत चढतात. एका वर्षी काकूंनी त्यांच्यावर जरा सढळ हाताने पाणी शिंपडलं, तर त्यातली एक माळ पुढे दिवाळीपर्यंत फक्त हिरवी लागत होती. "कौल दिला," माळकरी म्हणाले.

माळकरी हे त्यांचं आडनाव नव्हे. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीने दिलेली पदवी आहे. गळ्यात तुळशीमाळ नाही. मटण चालतं, मासे चालतात, दिवा बंद पडलेला चालत नाही. वारी मात्र आहे, आणि तीही वर्षातून दोनदा: एक गणपतीच्या आधी, दुसरी दिवाळीच्या आधी. पुण्यात जन्मले असते तर तपकीर गल्लीत गेले असते. इथून जवळची पंढरी म्हणजे लोहार चाळ. सीएसएमटीला उतरायचं, क्रॉफर्ड मार्केट ओलांडायचं, आणि त्या गल्लीत शिरायचं जिथे डोक्यावर आभाळ नाही, झुंबरं आहेत. दुकानदार माळ प्लगला लावून दाखवतो. ती लागली की सामान्य माणूस पैसे काढतो. माळकरी ती हातात घेऊन झटकतात. प्लगच्या बुडाशी वायर वाकवतात, उलटी वाकवतात, दोन दिव्यांच्या मधे चिमटीत धरून पिळतात. मग वितीने लांबी मोजतात, कारण खोक्यावर छापलेल्या दहा मीटरमध्ये प्लगपासून पहिल्या दिव्यापर्यंतची नुसती वायरही धरलेली असते, हे त्यांना ठाऊक आहे आणि त्यांना ठाऊक आहे हे दुकानदारालाही ठाऊक आहे. शेवटी दुकानदार हात जोडतो. "अंकल, ये लगाने का माल है, धोने का नहीं." हे वाक्य माळकरी घरी येऊन सगळ्यांना अभिमानाने सांगतात.

असा माणूस एकट्या डोंबिवलीत नसतो. तुमच्या कॉलनीत, गल्लीत, वाडीत एकतरी आहेच. ओळखायची खूण म्हणजे बाकीचे लोक खिशाला पेन लावतात, हा टेस्टर लावतो. मंगल कार्यालयात शिरल्यावर लोक आधी नवरीकडे बघतात, मग पंगतीकडे. हा छताकडे बघतो. अक्षता टाकतानाही ह्याची नजर मांडवाच्या डाव्या कोपऱ्यातल्या विझलेल्या हातभर तुकड्यावर खिळलेली असते, आणि मंगलाष्टकं संपायच्या आत हा डेकोरेटरच्या पोऱ्याला गाठून कानात काहीतरी सांगत असतो. जेजुरीच्या पायऱ्या चढताना लोक 'येळकोट' करतात. माळकऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या दगडी दीपमाळा थांबून थांबून न्याहाळल्या आणि घामाघूम होऊन मला म्हणाले, "एकेका हाताला एकेक पणती. एक विझली तर बाकीच्या चालू! पॅरलल कनेक्शन हो, त्या काळी!"

ह्या वेडाचं मूळ कुठे, ह्यावर आमच्या कट्ट्यावर बराच खल झाला आहे. काकूंच्या माहेरचं मत असं की ह्याला कारण बालपण. कल्याणच्या एका वाड्यात दोन खोल्या, दोन्हींत मिळून चाळीस वॅटचा एक पिवळा बल्ब, तो मधल्या दारात टांगलेला. घरमालक रात्री दहाला मेन स्विच पाडायचा. त्याआधीही वडिलांचं लक्ष असायचंच. कोणी अभ्यास सोडून नुसतं बसलेलं दिसलं की "उजेड फुकट जाळू नका" म्हणून बटणावर हात. तेव्हा, म्हणे, आता रात्री उशिरापर्यंत गॅलरी पेटती ठेवून ते घरमालकावर सूड उगवतात. मानसशास्त्रवाले ह्या जागी खूश होतील. मी होत नाही. त्याच वाड्यात त्याच बल्बाखाली त्यांचा धाकटा भाऊ वाढला, आणि त्याला आज झोपताना झिरोचा दिवाही खपत नाही.

माझं मत वेगळं आहे. माळकऱ्यांचं उजेडावर प्रेम नाहीच. त्यांचं प्रेम आहे बिघाडावर.

पुरावा हवा तर ज्या संध्याकाळी अकराच्या अकरा माळा धडधाकट लागलेल्या असतात तेव्हा त्यांना बघा. गॅलरीत दोन मिनिटंसुद्धा बसत नाहीत. आत येऊन टीव्ही लावतात, बातम्यांवर चिडतात, काकूंना मीठ जास्त पडल्याचं सांगतात. पण एखाद्या माळेचा वीतभर तुकडा काळा पडू दे, की गृहस्थ बनियनवर स्टूल घेऊन बाहेर. तोंडात चिकटपट्टीचा तुकडा, खांद्यावर वायर, आणि चेहऱ्यावर असं काही तेज की गॅलरीत दिवे लावायची गरजच उरू नये.

ही गोडी त्यांना लागली ती जुन्या माळांमुळे. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना त्या आठवत असतील: हिरवी वायर, त्यावर रंगीत प्लॅस्टिकच्या टोप्या, टोपीत तांदळाएवढा बल्ब. बल्ब सहा व्होल्टचा आणि भिंतीतून येणार २३० व्होल्ट, म्हणून चाळीसएक बल्ब एकामागे एक ओवायचे आणि दाब वाटून घ्यायचा. एकाने मान टाकली की सगळे गार. मग गणपतीच्या आदल्या रात्री घरातली मोठी माणसं मांडी घालून बसायची आणि एक चांगला बल्ब घेऊन तो पहिल्या जागी, दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी घालून बघत जायची. मुलांची झोप उडालेली, आईचा मोदकांचा नारळ खवून झालेला, आणि सदतिसाव्या जागी अचानक सगळी माळ झळकली की घरात जो आनंद व्हायचा तो प्रत्यक्ष मूर्ती आल्यावर होत असे की नाही, शंका आहे. दोन बल्ब एकदम गेले असतील तर मात्र ही युक्ती हरायची, आणि पहाटेपर्यंत चालायची.

घाईची माणसं गेलेला बल्ब तोडून त्या जागी वायरींना नुसता पीळ मारायची. माळ लागायची, वर आधीपेक्षा जास्त उजेड पडायचा. इथे माळकरी बोट वर करतात. हा उजेड फसवा. खाणारी तोंडं कमी झाली म्हणून उरलेल्यांच्या वाट्याला दाब जास्त येतो, ते जोरात जळतात आणि लवकर जातात. एकत्र कुटुंबातून एक भाऊ वेगळा निघाला की राहिलेल्यांचं आधी बरं चालल्यासारखं दिसतं, मग एकेकजण आजारी पडायला लागतो, तसंच हे. त्या काळी त्यांच्या आळीत कोणाच्या गणपतीची रोषणाई जरा जास्तच झगमगली की माळकरी, तेव्हा वय वर्षं चौदा, आरती संपताच त्या घरी जाऊन "तुमच्या माळेचे दिवस भरलेत" असं सांगून यायचे. प्रसादाऐवजी बोलणी खायचे.

एलईडी आली तेव्हा त्यांचा पहिला प्रतिसाद शोकाचा होता. बल्ब जाणारच नाहीत, तर माणसाने गणपतीच्या आदल्या रात्री करायचं काय? पण नव्या माळांनी त्यांना निराश केलं नाही. दिवा तसा टिकतो, वायर टिकत नाही. आतल्या आत तुटते, वरून दिसत नाही. शिवाय दिव्यांचे गट पाडलेले असतात, त्यामुळे सगळी माळ न जाता मधलाच एक पट्टा जातो. 'संपूर्ण अंधार' जाऊन 'अंशतः अंधार' आला. निदान करायला हा प्रकार कितीतरी बारकाईचा. माळकऱ्यांनी नव्या उमेदीने टेस्टर उचलला.

२०१४ साली निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा माळकऱ्यांनी सोसायटीत पेढे वाटले होते. लोकांना वाटलं मुलाला बढती मिळाली. "तांबडी आणि हिरवी एलईडी होतीच हो, निळी नव्हती. आणि निळी नाही तर पांढरी नाही!" ते प्रत्येक दारात समजावून सांगत होते. बहुतेकांनी मुलाचं अभिनंदन कळवायला सांगून दार लावलं. पण त्यांचं खरं दैवत ह्या तिघांच्याही आधीचं आहे. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन. ह्या गृहस्थाने १८८२च्या नाताळात न्यूयॉर्कच्या आपल्या घरी झाडावर तांबडे, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे स्वतः हाताने ओवून लावले. शहरात विजेचे दिवे असलेली घरं तेव्हा बोटांवर मोजण्याएवढी. एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने झाड विजेवर गरगर फिरतं ठेवलं, आणि ते फिरताना दिवे विझत होते, पेटत होते. "म्हणजे बघा," माळकरी सांगतात, "माळ जन्मली तेव्हाच लुकलुकत होती. आणि आमचे चेअरमन म्हणतात लुकलुक बंद करा."

त्यांची मुलगी न्यू जर्सीत असते. वडिलांचा वारसा तिने तिथे नेला, पण तिथे भानगड वेगळी. दिवाळीत घरावर माळा चढवल्या की शेजारी कौतुक करतात, 'ख्रिसमसची तयारी फार लवकर हं!' ती मान डोलावते आणि एका खर्चात दोन सण करते. मात्र जानेवारी उलटत आला की तिथल्या वसाहतीच्या कमिटीचं नम्र पत्र येतं, रोषणाई आता उतरवावी. हे ऐकून माळकऱ्यांनी दोन दिवस अमेरिकेविषयी एक चांगला शब्द काढला नाही.

आमच्या कमिटीकडूनही पत्रं जातात. त्यातल्या वीजबिलाच्या मुद्द्याला त्यांच्याकडे वहीतलं उत्तर तयार आहे. एक माळ दहा वॅट. रोज सहा तास. महिन्याचे तीस दिवस. एकूण १.८ युनिट. "तुमचा दोन किलोवॅटचा गिझर पंधरा मिनिटं चालला की अर्धं युनिट गेलं. तेवढ्यात माझी माळ पन्नास तास जळते. पन्नास! सांगा, उधळ्या कोण?" समोरचा माणूस आपल्या आंघोळीचा हिशेब करत गप्प होतो. ह्या गणितात चूक काहीच नाही. फक्त ते कायम एका माळेचं असतं. अकराने गुणायचं काम काकूंनी एकदा भरल्या कट्ट्यासमोर करून दाखवलं होतं. वीस युनिटांच्या जवळ गेलं. त्या वर्षी संक्रांतीला त्यांच्या हातावर तिळगूळ जरा उशिरा पडला.

घरातली खरी लढाई मात्र बिलाची नाही, रंगाची आहे. सून आली आणि तिने आपल्या खोलीत तांब्याच्या बारीक तारेवरची माळ लावली. तारेला लाकडी चिमटे, चिमट्यांना फोटो. काचेच्या रिकाम्या बाटलीतही एक सोडली. माळकरी आधी भरून पावले. परक्या घरातून आलेली पोर, पण संस्कार बघा. मग त्यांच्या ध्यानात आलं की ही माळ रंग बदलत नाही. लुकलुकत नाही. आणि पिवळी आहे.

"वॉर्म व्हाइट आहे, बाबा."

"पिवळी आहे."

सुनेने खोकं दाखवलं. त्यावर २७०० केल्विन असं छापलेलं. माळकरी खोकं घेऊन खुर्चीत बसले ते बराच वेळ बोलले नाहीत. चाळीस वॅटचा तो वाड्यातला बल्ब साधारण ह्याच रंगाचा असतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्या पिवळ्यातून सुटण्यासाठी एका पिढीने ट्यूबलाइटी लावल्या, मग सीएफएल आले, मग ६५०० केल्विनचे झगझगीत पांढरे एलईडी आले. आणि आता ही मुलं जास्त पैसे मोजून तोच पिवळा परत घरात आणतात, त्याखाली बसून फोटो काढतात आणि म्हणतात, किती छान 'व्हाइब' आहे. "त्या व्हाइबमध्ये मी एस्सेस्सी झालो," माळकरी म्हणाले. "चष्मा लागला तो त्याच व्हाइबने."

सध्या तह आहे. गॅलरी सासऱ्यांची, बेडरूम सुनेची, हॉल सामायिक. हॉलमध्ये गणपतीत मखराला रंगीत माळ लागते आणि ती मूर्तीच्या तोंडावर तांबडी-हिरवी-निळी नाचते. सुनेच्या माहेरच्या आजी दर्शनाला आल्या तेव्हा हात जोडून म्हणाल्या, "बाप्पाला जरा डोळे मिटू द्या हो." एवढ्यापुरता मी सुनेच्या पक्षात आहे. स्थिर माळ कितीही दिवस लावा, कोणाचं काही जात नाही. लुकलुकणाऱ्या माळेखाली मात्र आरती म्हणताना माणसाचा ताल चुकतो.

वर्षभर रोषणाई असलेल्या घरावर एक वेगळंच संकट येतं. आपल्याकडे घरावर माळा म्हणजे लग्नघर, हा समज पक्का. गेल्या वैशाखात पलीकडच्या बिल्डिंगमध्ये खरोखरच कार्य होतं. गोरज मुहूर्ताचं लग्न लावून वऱ्हाड परतलेलं, रात्री घरी सत्यनारायण. एक वयस्क गृहस्थ, कोट, टोपी, हातात आहेराचं पाकीट, थेट माळकऱ्यांच्या दारात. काकूंनी पाणी दिलं, माळकऱ्यांनी पन्हं दिलं. गृहस्थ म्हणाले, "रोषणाई छान केलीत." पुढचा पाऊण तास माळकरी त्यांना सगळ्या माळा दाखवत होते. पाहुणे टाटाच्या वीज कंपनीतून निवृत्त झालेले निघाले. त्यांनी दुसऱ्या माळेतला एक सैल जोड नुसत्या नजरेने ओळखला. नवरा-नवरी कुठे दिसत नाहीत, हे त्यांना साडेनऊला जाणवलं. तोवर पलीकडे प्रसाद संपला होता. दोघांची अजून फोनाफोनी असते. पाकीट कोणाकडे राहिलं, ते मी विचारलेलं नाही.

पावसाळा हा माळकऱ्यांचा परीक्षेचा काळ. पहिल्या सरींनंतर पंखवाल्या वाळव्यांचे थवे गॅलरीकडे झेपावतात, त्यांच्यामागून पाली येतात, पालींच्या मागे झाडू घेऊन काकू. जोडांवर दुधाच्या धुतलेल्या पिशव्या बांधलेल्या असतात, वर काळी टेप. तरी कुठेतरी पाणी झिरपतंच आणि मीटरजवळचा तो गळती ओळखणारा स्विच खटकन पडतो. तीस मिलिअँपिअर वाट चुकले तरी तो पडतो, आणि तो पडतो म्हणूनच माळकरी अजून आपल्यात आहेत. ह्या एका बाबतीत मला त्यांची थट्टा करवत नाही. दोन पिनांचा प्लग, ओली भिंत आणि अनवाणी स्टुलावर चढलेला माणूस हा विनोदाचा विषय नव्हे. काकूंनी त्यांना रबरी चपला घेऊन दिल्या आहेत. घालतात. पायात गॅलरीपुरत्या.

अशा ह्या गॅलरीत दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये अंधार झाला. सगळ्या नव्हे, दर्शनी बाजूच्या सहा माळा बंद. झालं होतं असं, की शिंजिराच्या एका मादीने माळेच्या लोंबत्या टोकाला कोळिष्टकं गुंडाळायला सुरुवात केली. सुकी पानं, सालीचे तुकडे, कुठलासा कापूस. आठवड्याभरात तिथे एक लांबट पिशवी लटकू लागली आणि बाई आत जाऊन बसल्या. माळकऱ्यांनी त्या रात्री बटण दाबलं नाही. अंडी उबवायला पंधरवडा, पिल्लं उडायला आणखी पंधरवडा, अशी माहिती काढून त्यांनी वहीत तारीख लिहिली.

त्या महिन्यात सोसायटीची पार तारांबळ उडाली. जेवण घेऊन येणारी पोरं फाटकाशी येऊन फोन करायला लागली, कारण आम्ही सगळे पत्ता सांगताना 'लायटिंगवाली गॅलरी दिसेल तिथून डावीकडे' असंच सांगत आलो होतो. रात्रपाळी करून येणारा एक मुलगा दुसऱ्याच विंगेत चढला आणि परक्या कुलपाशी झटत राहिला. दोन शेजारणींनी काकूंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरात काही... झालं नाही ना?" आणि इकडे माळकऱ्यांना करायला काम उरलं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी जिन्यातल्या सगळ्या ट्यूबा दुरुस्त केल्या. दुसऱ्या आठवड्यात फाटकावरचा दिवा, जो कमिटीच्या तीन सभांत 'लवकरच' होणार होता. मग पंपाच्या खोलीतलं वायरिंग, लिफ्टमधला पंखा, वॉचमनचा रेडिओ, माझ्या घरची बेल. बेल मी बोलावून दुरुस्त करून घेतली नाही. ती वाजते की नाही ते बघायला त्यांनी वाजवली, वाजली नाही, आणि मी दार उघडेपर्यंत तिचं झाकण त्यांच्या हातात होतं.

एप्रिलच्या मध्याला पिल्लं उडाली. ठरल्या तारखेपेक्षा दोन दिवस जास्त वाट बघून माळा परत लागल्या आणि समोरच्या विंगेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बेडरूमची भिंत पुन्हा तांबडी-हिरवी-निळी व्हायला लागली. त्या भिंतीच्या मालकांनी सप्टेंबरच्या वार्षिक सभेत लेखी विषय दिला: रोषणाईस आळा घालणेबाबत.

चर्चा दीड तास चालली. पूर्ण बंदी कोणालाच नको होती. पत्ता कसा सांगायचा, हा प्रश्न होताच. अखेर तडजोड निघाली की माळा राहाव्यात, लुकलुकू नयेत. माळकरी उठले आणि त्यांनी सभेला कंट्रोलरची डबी दाखवली. बटण एक, प्रकार आठ. स्थिर उजेड हा आठवा. वीज जाऊन आली की डबी सगळं विसरून पहिल्या प्रकारावर येते. मग सात वेळा दाबायचं. मोजण्यात चूक होऊन आठ वेळा दाबलं तर परत पहिल्यापासून. डोंबिवलीत वीज किती वेळा जाते, हे त्यांनी सभेलाच विचारलं. मध्यरात्री गेली आणि आली, तर त्यांनी उठायचं का? ते गावाला गेले असतील तेव्हा कोणी दाबायचं?

वॉचमनने, असं कोणीतरी म्हणालं. वॉचमन चौथ्या मजल्यावरच्या घरात कसा शिरणार? मग डबीच खाली त्याच्या केबिनमध्ये आणावी. त्याला वायर लागेल. ती सोसायटीने द्यावी. चार मजले खाली नुसती वायर लोंबताना वाईट दिसेल, असा मुद्दा महिला सदस्यांकडून आला, आणि तो सगळ्यांना पटला. कार्यवृत्तातला ठराव मी वाचला आहे. 'सदर वायर विद्रूप दिसू नये यास्तव चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत तिजवर दिव्यांची माळ सोसायटीच्या खर्चाने लावण्यात यावी. माळेची निवड व देखभाल अनुभवी सभासदाकडे सोपवावी. सूचक: खजिनदार. अनुमोदक: तक्रारदार सभासद, तिसरा मजला. माळ वॉर्म व्हाइट असावी ही उपसूचना एका मताविरुद्ध मंजूर.'